'सेलिंग बाय' : रोनाल्ड बिंज यांची धून आणि मध्यरात्रीचं सागरी हवामान

उत्तररात्र

बीबीसी रेडिओ ४ वर रोज मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४८ मिनिटांनी 'शिपिंग फोरकास्ट' लागतं, म्हणजे ब्रिटनभोवतालच्या समुद्राचा हवामान अंदाज. त्याच्या आधी वाद्यवृंदाची एक संथ धून वाजते. ती 'सेलिंग बाय', संगीतकार रोनाल्ड बिंज, रचना १९६३ ची. ब्रिटनमध्ये ही धून लाखो लोकांच्या ओळखीची आहे, पण ती कुणी केली हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. मराठीत तर बिंज यांच्यावर मला एक ओळही वाचायला मिळाली नाही, म्हणून हा धागा.

आधी माणसाविषयी. बिंज यांचा जन्म १९१० चा, डर्बी शहरातला. डर्बी म्हणजे रेल्वेचं गाव. पहिल्या महायुद्धाने खचलेले वडील बिंज लहान असतानाच गेले. तिथल्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये (रेल्वे कामगारांचं चर्च म्हणूनच ते ओळखलं जाई) हे गायकवृंदात गायचे. पुढे सिनेमागृहात ऑर्गन वाजवायला लागले. मूकपटांच्या त्या काळात पडद्यावर जे चाललंय त्याला साजेसं जागच्या जागी वाजवायचं, प्रसंग बदलला की सूर बदलायचा, रीळ संपलं की थांबायचं. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या सहलीच्या गावांमधल्या बँडमधून वाजवायचे. तिथे एकॉर्डियन शिकले आणि त्याच्या जोरावर १९३०च्या दशकात मांतोवानी यांच्या वाद्यवृंदात वादक आणि अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा) म्हणून शिरले.

हे सगळं अशासाठी सांगतोय की बिंज यांनी 'ठरलेल्या वेळेत बसणारं संगीत' कुठल्या वर्गात बसून शिकलं नाही, ते रोज पोटासाठी वाजवत शिकले. 'सेलिंग बाय'मध्ये नेमकं तेच कामी आलंय असं माझं ठाम मत आहे.

धून ऐका. तीन मात्रांचा संथ वॉल्ट्झ आहे. चाल वर चढते, थोडी थांबते, खाली उतरते, पुन्हा चढते. तंतुवाद्यं चाल धरतात आणि लाकडी सुषिर वाद्यं तिच्याभोवती लहान लहान वळसे घेत राहतात. रचना अ, ब, क, अ, ब अशी आहे. म्हणजे मध्ये जरा वेगळं काही येतं आणि परत आपण ओळखीच्या जागी येतो. कुठेही मोठा कळस नाही, ढोल नाहीत, तुताऱ्या नाहीत, श्वास रोखून धरावा असा क्षण नाही. आणि इथेच त्या रचनेची खुबी आहे. आधीचा कार्यक्रम कधी अमुक मिनिटाला संपेल, कधी तमुक. हवामान मात्र ठरल्या ठोक्याला सुरू व्हायलाच हवं. मधली फट कधी अर्ध्या मिनिटाची, कधी दोन मिनिटांची. त्यामुळे निवेदक धून लावतो आणि वेळ झाली की आवाज हळूहळू खाली घेतो. जिथे तोडाल तिथे ती सुंदर तुटते. कळस असलेलं संगीत असं तोडलं तर ऐकणाऱ्याला घास काढून घेतल्यासारखं होतं.

दुसरं काम खलाशांसाठी. बोटीवरच्या खरखरणाऱ्या रेडिओवर काटा फिरवताना ही चाल कानावर आली की समजायचं, स्टेशन सापडलं, आता कागद-पेन्सिल घ्या. कुणाच्या बोलण्यावरून स्टेशन ओळखायला दोन-तीन वाक्यं लागतात, चालीचे चार सूर पुरतात.

ज्यांनी रेडिओ ४ रात्री ऐकलाय, बोटीवर काम केलंय, किंवा वाद्यवृंदातलं ज्यांना कळतं, त्यांनी जरूर लिहा.

षड्ज_पंचम

चांगला विषय. पण माझा विरोधी सूर नोंदवतो. धून दोनदा ऐकली. गोड आहे, अतिगोड आहे. यात विस्तार नाही, ताण नाही, मग मोकळं होणंही नाही. समुद्रच ऐकायचा तर बेंजामिन ब्रिटन यांच्या 'पीटर ग्राइम्स' ऑपेरातली चार समुद्रचित्रं ऐका, १९४५ ची. ब्रिटन सफकच्या किनाऱ्यावर जन्मले आणि तिथेच राहिले, समोर तोच उत्तर समुद्र. पहाटेच्या तुकड्यातले ते उंच, थंड व्हायोलिनचे सूर आणि खालून येणारी पितळी वाद्यांची लाट ऐकली की अंगावर काटा येतो. वादळाच्या तुकड्याविषयी तर बोलायलाच नको. त्याच्याशेजारी बिंज यांचा समुद्र तळ्यासारखा वाटतो. लिफ्टमध्ये, हॉटेलात लावतात त्या संगीतात आणि यात फरक काय?

उत्तररात्र

ब्रिटन यांची चारही चित्रं मलाही फार प्रिय आहेत. पण रात्री पाऊण वाजता, वादळाची सूचना यायच्या मिनिटभर आधी, बोटीवरच्या माणसाला ब्रिटन यांचं वादळ ऐकवाल का तुम्ही? त्या माणसाला वादळाचं वर्णन नकोय, त्याला माहिती हवीय, आणि माहिती नीट ऐकण्यासाठी शांत डोकं हवंय. बिंज समुद्राचं चित्र काढत नाहीयेत. ते ऐकणाऱ्याचं मन एका जागी आणून बसवतायत. हे ज्याला जमतं तो लहान संगीतकार नव्हे.

लिफ्टमधल्या संगीताकडे कुणाचं लक्ष जाऊ नये अशीच त्याची योजना असते. ही धून लक्ष वेधण्यासाठीच लावली जाते. दोन्ही संथ आणि गोड असतील, पण कामं अगदी उलटी आहेत.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. ऐंशीच्या दशकात सेकंड मेट म्हणून युरोपच्या बंदरांत बऱ्याच फेऱ्या झाल्या. सेकंड मेटचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बारा ते चार. म्हणजे ही धून लागायची तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, मीच असायचो. सोबत एक सुकाणी. तोही आपला, हर्णैचा.

उत्तररात्र, तुम्ही स्टेशन सापडण्याविषयी लिहिलंय ते अगदी खरं. तेव्हा रेडिओ ४ लाँग वेव्हवर १५०० मीटरला, म्हणजे २०० किलोहर्ट्झला लागायचा. १९८८ मध्ये ते १९८ झालं. लाँग वेव्ह जमिनीला आणि पाण्याला धरून लांबवर जाते, म्हणून इंग्लंडच्या मधोमध असलेल्या ड्रॉइटविचच्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज आम्हाला उत्तर समुद्रात मिळायचा. पण रात्री युरोपातली बाकीची स्टेशनंही आजूबाजूला गर्दी करायची. जर्मन, फ्रेंच, पोलिश आवाज एकमेकांत मिसळलेले. त्यातून ही चाल आली की हात आपोआप थांबायचा.

आता अंदाज कसा ऐकायचा ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती नुसती मंत्रासारखी नावं वाटतात. आधी गेल वॉर्निंग, म्हणजे कुठल्या कुठल्या क्षेत्रांत बोफर्ट ८ (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) किंवा त्याहून जोराचा वारा आहे किंवा येणार आहे. मग एकूण हवामानाचा गोषवारा, कमी दाबाचं क्षेत्र कुठे आहे, कुठे सरकतंय. मग ३१ सागरी क्षेत्रं, एका ठरलेल्या क्रमाने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ब्रिटनभोवती फेरी. व्हायकिंग, नॉर्थ उट्सिरा, साउथ उट्सिरा, फॉर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर अशी सुरुवात आणि शेवट साउथईस्ट आइसलंड. प्रत्येक क्षेत्राचा क्रमही ठरलेला: आधी वारा, मग पाऊसपाणी, मग दृश्यमानता. 'नैर्ऋत्य ५ ते ७, पाऊस, चांगली, अधूनमधून खराब' एवढ्यात एक क्षेत्र संपतं. क्रियापदं जवळजवळ नाहीतच, कारण पूर्ण बुलेटिन साडेतीनशे-पावणेचारशे शब्दांत बसवायचं असतं.

प्रत्येक शब्दामागे आकडा आहे. 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तास, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. दृश्यमानता 'गुड' म्हणजे पाच सागरी मैलांच्या पलीकडे दिसतंय, 'पुअर' म्हणजे दोन मैलांच्या आत. 'व्हीअरिंग' म्हणजे वारा घड्याळाच्या दिशेने फिरतोय, 'बॅकिंग' म्हणजे उलट. आमच्याकडे छापील कोरे तक्ते असायचे, क्षेत्रांची नावं आधीच छापलेली. निवेदक वाचतोय त्या वेगाने भरत जायचं. एक क्षेत्र चुकलं की परत विचारायची सोय नाही. म्हणून धून वाजत असताना तक्ता समोर घेणं, पेन्सिलीला टोक आहे ना बघणं, दिवा खाली वळवून नकाशाच्या टेबलावर आणणं, हे सगळं व्हायचं. षड्ज_पंचमभाऊ, ते दोन मिनिटांचं संगीत आमच्यासाठी तयारीचा वेळ होता.

षड्ज_पंचम

दर्यावर्दीकाका, हे वाचून धून परत ऐकली. संगीत म्हणून माझं मत फारसं बदललेलं नाही, पण ती तिथे का आहे हे आता नीट समजलं. क्षेत्रांची नावं वाचणंही एका लयीतच होत असणार असं वाटतंय.

दर्यावर्दी

होय, चांगला निवेदक ते संथ आणि एकसारख्या गतीनेच वाचतो. घाईने वाचलं तर लिहिणाऱ्याचं चुकतं.

गज_आणि_तार

व्हायोलिन वाजवते, म्हणून बिंज यांच्या एका वेगळ्या कामाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मांतोवानी यांच्या रेकॉर्ड्स आपल्याकडेही अनेक घरांत होत्या. त्यांच्या व्हायोलिनचा तो झिरपत, ओघळत येणारा आवाज जगभर 'मांतोवानी साउंड' म्हणून गाजला. तो तयार केला बिंज यांनी. १९५१ मध्ये 'शार्मेन' या जुन्या गाण्याच्या अरेंजमेंटमध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे आला आणि रेकॉर्ड तुफान खपली. कव्हरवर नाव मांतोवानींचं, कल्पना बिंज यांची.

पुष्कळांना वाटतं की ती स्टुडिओतल्या यंत्राची करामत होती. तसं नाही, ती कागदावर लिहिलेली आहे. समजा चाल सा, रे, ग, म अशी आहे. साधारण पद्धतीत सगळी व्हायोलिनं मिळून सा वाजवतील, मग रे, मग ग. बिंज व्हायोलिनचे गट पाडतात. पहिला गट सा लावतो आणि धरूनच ठेवतो. रे दुसऱ्या गटाकडे, ग तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक जण आपला सूर पुढचे सूर सुरू झाल्यावरही थोडा वेळ लांबवतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला चाल पुढे जाताना ऐकू येते आणि मागचे सूरही विरत विरत तिच्या मागे येताना ऐकू येतात. मोठ्या दगडी चर्चमध्ये गायलेला सूर भिंतींवर आपटून रेंगाळतो, तसा परिणाम त्यांना हवा होता. लहानपणी गायकवृंदात उभं राहून तो आवाज त्यांच्या कानात बसला असणारच.

वाजवणाऱ्याच्या बाजूने हे फार अवघड आहे. तुमच्या हातात पूर्ण चाल कधीच येत नाही. एक सूर लावायचा, थांबायचं, चौथा सूर पुन्हा तुमचा. गजाचा दाब प्रत्येकाने अगदी सारखा ठेवला नाही तर एखादा गट बाहेर डोकावतो आणि सगळा पडदा फाटतो. एकदा आमच्या गटाने हौसेने आठ मापांचा प्रयत्न केला. एकेक जण उत्तम वाजवणारा, पण दोन सूर लावून सोडून देण्याची शिस्त कुणाला जमेना. प्रत्येकाला चाल पुरी करायची होती!

'सेलिंग बाय'मध्ये त्या तंत्राची सरळ नक्कल मला ऐकू येत नाही. पण सूर एकमेकांना चिकटून, मध्ये फट न पडता सरकतात, त्यात तोच कान दिसतो.

नवशिका_श्रोता

ताई, हे वाचून 'शार्मेन' हेडफोन लावून ऐकलं. आता गट वेगळे ऐकू येतात! तानपुऱ्याच्या तारा एकामागून एक छेडल्यावर आस एकमेकांत मिसळते, तशाच जातीचं हे आहे का?

गज_आणि_तार

आस मिसळण्यापुरतं म्हणाल तर हो. फरक एवढाच की तानपुऱ्यात तारेचा नाद आपोआप उरतो आणि इथे तो वादकाने हिशोबाने धरून ठेवायचा असतो. किती मात्रा धरायचा हेही लिहिलेलं असतं.

हंबरकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इंग्लंडात हल शहरात आहे, हॉस्पिटलात नर्स. हंबर नदीच्या मुखाशी वसलेलं हे शहर, आणि 'हंबर' हे अंदाजातलं एक क्षेत्रही आहे. ड्युटी संपवून उशिरा घरी आले की अजूनही रेडिओ लावते.

बाहेरचे लोक या कार्यक्रमाला फार काव्यमय समजतात. झोप येण्यासाठी ऐकणारेही खूप आहेत. जार्व्हिस कॉकर या गायकाने 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या रेडिओ कार्यक्रमात निर्जन बेटावर न्यायच्या संगीतात 'सेलिंग बाय' निवडली होती, तीही झोपेसाठी. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात एल्गार यांच्या 'निम्रॉड'सोबत शिपिंग फोरकास्टचा तुकडा वाजला होता. हे सगळं छान आहे. पण हलमध्ये राहिलं की याची दुसरी बाजू कळते.

१९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलच्या तीन मासेमारी ट्रॉलर बोटी थोड्याच दिवसांच्या अंतराने बुडाल्या: सेंट रोमॅनस, किंग्स्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलंड. ५८ माणसं गेली, फक्त एक जण वाचला. रॉस क्लीव्हलंड आइसलंडजवळ वादळात होती. डोलकाठ्यांवर, दोरांवर बर्फ साचत गेलं की बोट वरून जड होते आणि कलंडते. शिपिंग फोरकास्टमध्ये साउथईस्ट आइसलंडच्या वेळी कधीकधी 'आयसिंग' हा शब्द येतो तो यासाठी. सेंट रोमॅनसवर तर रेडिओ ऑपरेटरच नव्हता. तेव्हा इथल्या खलाशांच्या बायका रस्त्यावर उतरल्या. लिलियन बिलोका ही मासे साफ करण्याच्या कामावर जाणारी बाई त्यांची पुढारी. प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवाच, ही त्यांची मुख्य मागणी होती. लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या आणि सुरक्षेच्या मागण्या मान्य करून घेतल्या. त्यापायी बिलोकांना धमक्या आल्या, नोकरी गेली.

आमच्या वॉर्डात म्हातारे ट्रॉलरवाले येतात. त्यांच्यापैकी कुणी 'सेलिंग बाय'ला अंगाई म्हणताना मी ऐकलं नाही. एका आजोबांच्या उशाशी छोटा रेडिओ असायचा. धून सुरू झाली की ते उठून बसायचे आणि संपेपर्यंत बोलायचे नाहीत. आइसलंडचं क्षेत्र वाचून झालं की मगच आडवे व्हायचे.

उत्तररात्र

हंबरकाठताई, मनापासून धन्यवाद. हे ब्रिटिश लेखांतही क्वचितच या धुनेच्या शेजारी ठेवलेलं दिसतं.

एक भर घालतो. सागरी हवामानाचा इशारा ही कल्पनाच बुडालेल्या जहाजामुळे आली. १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटापाशी वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये तारेने बंदरांना वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. हे फिट्झरॉय म्हणजे डार्विनना घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचे कप्तान आणि १८५४ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख. २००२ मध्ये 'फिनिस्टेर' या क्षेत्राचं नाव बदलून 'फिट्झरॉय' केलं, ते त्यांच्याच नावावरून.

कोकणकडा

रत्नागिरीकडचा आहे, घरी मासेमारी. आमच्याकडे हे काम बंदरावरचा बावटा आणि आकाशवाणी करतात. तीन नंबरचा बावटा लागला की लहान होड्या बाहेर काढत नाहीत. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' ही आकाशवाणीवरची सूचना पावसाळ्याच्या तोंडाशी घराघरात ऐकली जायची. आता मोबाइलवर मेसेज येतात, बोटींवर जीपीएस आहे. पण आमच्या सूचनेला स्वतःची अशी धून कधी नव्हती, आणि असायला हवी होती असं हा धागा वाचून वाटतंय. वडील रेडिओ चालू ठेवून जाळी शिवत बसायचे. सूचना नेमकी कधी येणार हे कळायचं नाही आणि बोलण्याच्या नादात ती निसटायची. मग शेजारी जाऊन विचारायचं.

मध्यलय

कोकणकडा, आपल्याकडे सागरी सूचनेची नसली तरी आकाशवाणीची स्वतःची धून आहेच की! आणि तिचाही जन्म मुंबईशी जोडलेला आहे. वॉल्टर कॉफमन हे आजच्या चेक देशातले ज्यू संगीतकार. नाझींच्या छळापासून वाचण्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. तंबोऱ्याचा नाद आणि त्यावर व्हायोलिनची शिवरंजनीसारखी वाटणारी सुरावट, ही त्यांची रचना. सकाळी सभा सुरू होण्याआधी ती वाजायची आणि कारण तेच होतं: लोकांना स्टेशन सापडावं, काटा नीट लावता यावा. मग 'वंदे मातरम्' आणि मग निवेदन. कॉफमन पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, नंतर अमेरिकेत प्राध्यापक.

दोन्ही धुना लागोपाठ ऐका. एक सकाळ उघडते, दुसरी रात्रीचा शेवटचा कार्यक्रम आणते. पण दोन्हींत घाई नाही आणि दोन्हींत कुणी नाट्य करत नाही. कॉफमन पुष्कळ शिकलेले, गंभीर संगीतकार होते. सिंफनी, ऑपेरा लिहिणारे. तरी भारतात कोट्यवधी लोकांच्या कानात त्यांचे ते थोडेसे सूरच राहिले. बिंज यांचं तसंच झालंय.

मांडवीतीर

आमचे पणजोबा पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर. गोव्यातले खूप तारवटी तिथे सलूनमध्ये, स्वयंपाकघरात होते. पण मला लिहायचंय ते संगीताविषयी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. त्यातले कितीतरी जण मुंबईला गेले, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायला लागले आणि ब्रिटिश लाइट म्युझिक, म्हणजे वाद्यवृंदाचं हलकंफुलकं संगीत, समोर ठेवलेल्या कागदावरून पाहताक्षणी वाजवत. तेच हात पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमधल्या व्हायोलिनच्या भरघोस लाटा डिसोझांच्या लिहिण्यातून आल्या. अरेंजरचं नाव मागे राहणं डर्बीत काय आणि मुंबईत काय, सारखंच. बिंज निदान स्वतःच्या रचना स्वतःच्या नावावर करू शकले. आमच्या लोकांना तेही फारसं मिळालं नाही, ही खंत मला कायम आहे.

गज_आणि_तार

अगदी खरं, मांडवीतीर. डिसोझांच्या व्हायोलिनच्या ओळी स्वतंत्र वाजवून पाहिल्या की कळतं, गाणं बाजूला ठेवलं तरी त्या उभ्या राहतात.

षड्ज_पंचम

एक प्रश्न. असं संगीत ब्रिटनमध्ये पुढे का आटलं? बिंज, एरिक कोट्स यांच्यानंतर त्या जातीची नावं ऐकू येत नाहीत.

उत्तररात्र

माझ्या मते ते बीबीसीच्या आधारावर उभं होतं. १९४५ मध्ये लाइट प्रोग्राम हे केंद्र सुरू झालं. दिवसभर वाजवायला मोठे नव्हेत पण चांगले वाद्यवृंद लागायचे, आणि त्यांना वाजवायला तीन-चार मिनिटांच्या नव्या रचना लागायच्या. कारखान्यांमधल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' १९४० मध्ये सुरू झालं. त्याची सुरुवातीची धून कोट्स यांची, 'कॉलिंग ऑल वर्कर्स'. कोट्स यांचीच 'बाय द स्लीपी लगून' १९४२ पासून 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'च्या सुरुवातीला वाजतेय, सागरपक्ष्यांच्या आवाजासकट. १९६७ मध्ये बीबीसीने लाइट प्रोग्राम बंद करून रेडिओ १ आणि रेडिओ २ आणले आणि 'म्युझिक व्हाइल यू वर्क'ही त्याच वर्षी थांबलं. पॉप संगीताची लाट होतीच. वाद्यवृंदांना दिवसाकाठी मिळणारं काम गेलं, मग लिहिणार कोणासाठी? 'सेलिंग बाय' तगली कारण तिच्याकडे स्वतःचं रोजचं काम होतं.

नवशिका_श्रोता

बिंज यांचं आणखी काय ऐकावं? क्रमाने सांगाल का?

उत्तररात्र

'एलिझाबेथन सेरेनेड' आधी. १९५१ ची रचना, पहिलं नाव 'द मॅन इन द स्ट्रीट'. १९५२ मध्ये एलिझाबेथ गादीवर आल्या आणि नाव बदललं. सुरुवातीला तंतुवाद्यांची टिपटिप आणि तिच्यावरून तरंगत येणारी चाल, फार नजाकतीची आहे. जमैकाच्या बोरिस गार्डिनर यांनी तिचं रेगे केलं, तेही १९७० मध्ये ब्रिटनमध्ये गाजलं. दोन्ही लागोपाठ ऐका म्हणजे चालीत किती दम आहे ते कळेल. मग 'द वॉटरमिल', ओबो आणि तंतुवाद्यांसाठी. माझ्या मते ही त्यांची सर्वांत सुंदर रचना. ओबोचा एकटा आवाज आणि खाली संथ फिरत राहणारी साथ. सवड असेल तर आल्टो सॅक्सोफोनचा कन्चेर्टोही (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना). तो ऐकल्यावर षड्ज_पंचम यांनी विस्ताराबद्दल पुन्हा लिहावं अशी विनंती.

षड्ज_पंचम

ऐकून नक्की लिहितो. 'द वॉटरमिल' आत्ताच ऐकली. हिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

कोकणकडा

दर्यावर्दीकाका, आताच्या मोठ्या बोटी अजून रेडिओवरचं हे हवामान घेतात का?

दर्यावर्दी

मोठ्या बोटींना आता त्यावर अवलंबून राहावं लागत नाही. ५१८ किलोहर्ट्झवर नॅव्हटेक्स नावाची यंत्रणा आहे, इशारे आपोआप छापून किंवा पडद्यावर येतात. १९९३ पासून ती बोटींवर सक्तीची झाली. शिवाय उपग्रह आहेतच. रेडिओ ४ चे लाँग वेव्हवरचे वेगळे कार्यक्रमही एप्रिल २०२४ मध्ये थांबले. पण १२.४८ चं बुलेटिन चालू आहे आणि लहान शिडाच्या होड्या, किनाऱ्यालगतचे मच्छीमार ते ऐकतात. यंत्र बिघडलं तरी बॅटरीवरचा रेडिओ चालतो, हे दर्यावर गेलेला कुणीही विसरत नाही.

आणखी एक. या बुलेटिनमध्येच 'ट्रफाल्गर' हे क्षेत्र नेहमी वाचतात, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचं. दिवसाच्या बुलेटिनमध्ये ते एरवी नसतं, तिथे गेलचा इशारा असेल तरच येतं. आम्ही जिब्राल्टरकडे निघालो असू तर त्यासाठी रात्रीचंच ऐकावं लागायचं. नवशिका_श्रोता, तुम्ही इंटरनेटवर ऐकणार असाल तर भारतात तेव्हा पहाटेचे सहा वाजून अठरा मिनिटं झालेली असतात. त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा पाच अठरा. दोन-तीन मिनिटं आधी लावा, म्हणजे धून मिळेल.